पितृपक्षात आलेलं कार्ड

आल्हादला कार्ड बदलण्याचा नाद होता. नोकरी त्याने सोळा वर्षांत एकदाही बदलली नव्हती. अंबडच्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात तो पहिल्या दिवशी ज्या खुर्चीवर बसला, तिथेच अजून बसत होता. न्हावी तोच, चहावाला तोच, बायकोही अर्थात तीच. क्रेडिट कार्डाने मात्र जरा हात आखडता घेतला, पॉइंट कमी केले की त्याचं पित्त खवळायचं. तो नवं कार्ड शोधायचा, जुनं बंद करायचा आणि आईच्या अडकित्त्याने त्याचे चार तुकडे करायचा. "सुपारीचा आहे तो," असं इंदिराबाई दर वेळी म्हणायच्या आणि दर वेळी अडकित्ता धुऊन ठेवायच्या.

कंपनीत लोक फ्रिज घ्यायच्या आधी त्याला विचारायला येत. कोणत्या कार्डावर घ्यावा, कोणत्या तारखेनंतर घ्यावा, हे तो इतक्या गंभीरपणे सांगे की ऐकणाऱ्याला मुहूर्त काढून मिळाल्यासारखं वाटावं. ते त्याच्या रक्तातच होतं म्हणा. त्याचे वडील बाळाजीगुरुजी रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय. त्यांच्याकडे यजमानांच्या वंशावळींच्या चोपड्या होत्या, गावागणिक एक. निफाडकडचा माणूस गंगेवर, म्हणजे गोदेवर, आला की त्याच्या खापरपणजोबांची सही त्याला दाखवायची आणि खाली त्याची घ्यायची, हे घराचं काम सात पिढ्या चाललं होतं.

"आपण यजमान सोडत नाही, यजमान आपल्याला सोडत नाहीत," बाळाजीगुरुजी मुलाला ऐकवत. "तुझं हे दर वर्षाला नवं सोयरं कशाला?"

"बाबा, तुमच्या यजमानांना शेजारच्या ओट्यावर जास्त पॉइंट मिळत नाहीत म्हणून ते येतात," आल्हाद म्हणायचा. गुरुजी हसायचे आणि विषय संपायचा.

त्याचा दुसरा नियम, एका घरात एकच कार्ड. सगळा खर्च एकाच कार्डावर पडला की वार्षिक फी माफ होते, हे त्यामागचं गणित. बायको स्वानंदी देवळाली कॅम्पच्या शाळेत शिकवायची, स्वतः कमवायची. तिचं कार्डसुद्धा त्याने गोड बोलून बंद करायला लावलं होतं. तिने कपाळावर हात मारला आणि ऐकलं.

शेवटचं कार्ड चांगलं तीन वर्षं टिकलं. विम्याच्या हप्त्यावरसुद्धा पॉइंट देणारं ते कार्ड होतं आणि ते मिळालं म्हणूनच त्याने आईवडिलांचा आरोग्य विमा त्यावर मासिक हप्त्याने घेतला होता. हप्ता दर महिन्याला आपोआप कापला जाई. मग गेल्या वर्षी बँकेने विम्यावरचे पॉइंट बंद केले. या वर्षी विजेच्या बिलावरचे गेले, आणि श्रावणात वार्षिक फी दुप्पट झाल्याचा संदेश आला. आल्हादने त्याच संध्याकाळी दुसऱ्या बँकेच्या कार्डासाठी अर्ज केला. फीची तारीख अंगावर आली होती म्हणून नवं हातात पडायच्या आधीच जुनं बंद केलं. बंद करण्यापूर्वी आपोआप जाणाऱ्या बिलांची यादी केली, एकूण नऊ नोंदी, आणि सगळ्या बँक खात्यावर वळवल्या. इतका चोख माणूस.

फक्त यादी त्याने स्वतः ठेवलेल्या पॉइंटांच्या तक्त्यावरून केली. विम्यावर पॉइंट मिळेनासे झाले तेव्हाच विम्याची ओळ त्याने त्या तक्त्यातून काढून टाकली होती.

नवं कार्ड आलं ते भाद्रपदातली पौर्णिमा उलटल्यावर, पितृपक्षाच्या पहिल्या दिवशी. कुरिअरवाल्याकडून पाकीट इंदिराबाईंनीच घेतलं. संध्याकाळी आल्हादने हात पुढे केला, तर त्या म्हणाल्या, "पंधरवड्यात नवी वस्तू उघडायची नाही. घटस्थापनेला हळदकुंकू लावून उघड. सोवळ्याच्या कपाटात ठेवलंय, तिथे कुणाचा हात लागत नाही."

त्याने वाद घातला नाही. आईचं मन राखलं, असं त्याने स्वानंदीला सांगितलं. खरं कारण असं की कार्ड चालू केल्यापासून नव्वद दिवसांत ठरावीक खर्च झाला तर मोठं बक्षीस होतं, आणि जितकं उशिरा उघडावं तितकी दिवाळीची खरेदी त्या दिवसांत नीट बसत होती. आईचा पितृपक्ष त्याच्या पथ्यावर पडला होता. त्या पंधरा दिवसांत जुन्या बँकेचे "परत या" म्हणून गळ घालणारे संदेश येत राहिले. ज्या संदेशात कार्ड हा शब्द दिसेल तो आल्हाद न वाचता उडवायचा आणि स्वतःशीच खूश व्हायचा.

सर्वपित्री अमावस्येला त्याने रजा घेतली होती. स्वानंदीला शाळेत परीक्षा असल्यामुळे ती सकाळीच गेली. बाळाजीगुरुजी पहाटे चारपासून गंगेवर होते. त्या दिवशी त्यांना पाणी प्यायला फुरसत नसते. घरचं श्राद्ध दर वर्षी ते परतल्यावर, उन्हं कलताना व्हायचं. तोवर इंदिराबाई सोवळ्यात स्वयंपाकघरात. साडेअकराला इस्पितळातून फोन आला.

"तुमच्या आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन दसऱ्यानंतर आहे ना? आम्ही विमा तपासतोय. पॉलिसीचा हप्ता थकलेला दिसतोय, तेवढं बघून घ्या."

आल्हादने स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं. तो गच्चीत गेला आणि विमा कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी अतिशय नम्र होती, आणि नम्र माणसांशी भांडता येत नाही.

"सर, पंधरा दिवसांपूर्वी हप्ता कापायला गेलो तर कार्ड बंद होतं. तुम्हाला चार संदेश पाठवलेत. पंधरा दिवसांची मुदत आज संध्याकाळी सहाला संपतेय."

"मी आत्ता खात्यातून भरतो."

"मासिक हप्त्याची पॉलिसी कार्डाच्या नोंदीवरच चालते, सर. नवीन कार्डाची नोंद झाली की थकलेला हप्ता आपोआप जाईल. कार्ड मात्र पॉलिसी घेणाऱ्याच्याच नावाचं लागेल."

"आणि नाही झालं तर?"

"पॉलिसी बंद होईल. नवी घेता येईल ना, सर. फक्त आजारांची प्रतीक्षा पहिल्यापासून सुरू होईल. गुडघ्यासाठी तीन वर्षं."

तीन वर्षं. तीच तीन वर्षं इंदिराबाईंनी आत्ता कुठे संपवली होती. विमा घेतला तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते की दोन्ही वाट्या बदलाव्या लागतील, आणि पॉलिसीत लिहिलं होतं की तीन वर्षं खर्च मिळणार नाही. खिशातून करायची ऐपत नव्हती. त्या म्हणाल्या, थांबू. मग त्या थांबल्या. मांडी घालणं सुटलं, देवासमोर स्टूल आलं, जिना उतरणं बंद झालं. गंगा घरापासून पाच गल्ल्यांवर. लग्न होऊन आल्यापासून ती रोजची वाट, तीही सुटली. त्यांनी कधी तक्रार केली नाही. श्रावणात मुदत संपली त्या दिवशी मात्र त्यांनी घरात शिरा केला होता.

नव्या बँकेचं ॲप आल्हादने गच्चीतच उघडून पाहिलं. ते कार्डावरचे आकडे मागत होतं. आकडे पाकिटात, पाकीट सोवळ्याच्या कपाटात, आणि ते कपाट स्वयंपाकघराला लागून असलेल्या देवघरात. आई तिथून हलणार नव्हती आणि पारोशा माणसाने त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नव्हतं.

आता शहाण्या माणसाने काय करावं? उंबऱ्याशी उभं राहावं आणि सांगावं, आई, माझ्या हातून चूक झाली. पण आल्हादला ते जमेना. सगळ्या कंपनीला शहाणपण शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडेना. त्याने काय केलं, तर आंघोळ केली, दांडीवरचा वडिलांचा जुना मुकटा, ते सोवळ्याचं रेशमी धोतर, नेसला आणि ओल्या केसांनी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला.

"आई, मी येऊ का मदतीला?"

इंदिराबाई वडे थापत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि थापता थापता हात थांबला. मुंज झाल्यापासून या मुलाने सोवळं नेसल्याचं दोनदासुद्धा त्यांना आठवत नव्हतं.

"ये ना," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "बरं वाटलं रे. हे दमून येतात, मी अशी लंगडी. दर वर्षी वाटतं, पुढे कोण करणार हे सगळं."

आल्हादला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण घड्याळात साडेबारा वाजून गेले होते.

मग त्याला खीर ढवळायला बसवलं. आई सांगत राहिली: आजोबांना खिरीत वेलदोडा जास्त लागायचा, आजीला कढी आंबट लागायची, आमसुलाची चटणी कशी वाटायची. ती इतकी भरभरून बोलत होती की मध्ये उठणं अशक्य. दोन वाजले, अडीच वाजले. दोनदा तो उठला आणि दोन्ही वेळा तिने काहीतरी काम हातात दिलं. फोन बाहेरच्या खोलीत दिवाणावर पडून होता आणि अधूनमधून वाजत होता. प्रत्येक वेळी आल्हादचा हात पळीवर घट्ट व्हायचा.

सव्वातीनला ती पानं पुसायला वळली आणि त्याने कपाट उघडलं. धाबळ्या, मुकटे, तिची जरीची नऊवारी, खाली कापराचा डबा. पाकीट नाही. त्याने घड्या उचलून पाहिल्या. तिच्या नऊवारीची घडी विस्कटली, एक मुकटा खाली पडला. पाकीट नव्हतंच.

"काय शोधतोयस?"

ती दारात उभी होती, भिंतीला धरून. आता पर्याय नव्हता. त्याने सगळं सांगितलं: तक्ता, नऊ नोंदी, उडवलेले संदेश, सहाची वेळ, पुन्हा तीन वर्षं. बोलताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

इंदिराबाईंनी उघड्या कपाटाकडे पाहिलं. गुडघ्यांबद्दल त्या बोलतील, रागावतील, असं त्याला वाटलं होतं.

"म्हणजे तू मदतीला नव्हता आलास," त्या म्हणाल्या.

त्याने पडलेला मुकटा उचलला आणि घडी करायला लागला. घडी नीट बसेना.

"राहू दे ते," त्या म्हणाल्या. "सोवळ्यात प्लॅस्टिक नको म्हणून तुझ्या बाबांनी दुसऱ्याच दिवशी पाकीट काढलं इथून. त्यांच्या निफाडच्या चोपडीत ठेवलंय. म्हणाले, दीडशे वर्षांत यातलं एक पान हरवलं नाही, तुझं पाकीट कुठे जातंय. चोपडी गंगेवर आहे. पळ."

तो तसाच पळाला, मुकट्यावर, उघड्या अंगाने, अनवाणी. एरवी दहा मिनिटांची वाट. पण सर्वपित्रीला अख्खा जिल्हा पंचवटीत उतरलेला असतो. मालवीय चौकात पोलिसांनी दोर लावून एकेरी रस्ता केला होता. माणसं इकडून उतरत होती आणि पार लांबच्या बाजूने बाहेर पडत होती. गाड्या नाहीत, रिक्षा नाहीत. सोवळ्यातला माणूस पाहून लोक वाट देत होते, गुरुजी आहेत म्हणून. एका बाईने तर त्याला वाकून नमस्कार केला. तो आणखीनच मेल्याहून मेल्यासारखा झाला.

ओट्यापाशी पोचेतो सव्वाचार झाले. बाळाजीगुरुजींच्या समोर निफाडकडच्या एका गावचे खंडेराव, त्यांचा भाऊ आणि घरची सातआठ माणसं ओल्या कपड्यांनी बसली होती. तर्पण चालू होतं. चोपडी गुरुजींच्या मांडीजवळच्या पाटावर, त्यांच्या पंच्याने झाकलेली.

"बाबा," आल्हाद म्हणाला.

गुरुजींनी पाहिलं. मुलगा मुकट्यावर पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या, पण मंत्र थांबला नाही. एक एक नाव, एक एक ओंजळ. खंडेरावांचं घराणं मोठं, मेलेली माणसं पुष्कळ. चुलते, मावश्या, आत्या, सोयरे, गावातले निपुत्रिक गेलेले, कुणी सुटायला नको होतं. आल्हाद उभा होता. दर वर्षी हेच चालतं हे त्याला माहीत होतं, पण सात पिढ्यांची यादी एवढी चोख कशी राहते याचा विचार त्याच्या मनात आजच आला. साडेचार वाजले. पावणेपाच झाले.

शेवटची ओंजळ सुटल्यावर त्याने दोन वाक्यांत सांगितलं. गुरुजींनी चोपडी उघडली. पाकीट खंडेरावांच्याच घराण्याच्या पानात होतं, जसंच्या तसं. आल्हादने तिथल्या तिथे ते फाडलं. कार्ड हातात आलं, चकचकीत, निळं. मग त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला.

मुकट्याला खिसा नसतो. फोन घरी दिवाणावर होता. कार्ड चालू करायचं ॲप त्या फोनमध्ये, बँकेचा आणि विमा कंपनीचा परवलीचा आकडा त्याच फोनवर येणार, आणि घरी जायची वाट पोलिसांनी गोदाकाठाने लांबून वळवलेली.

"माझा फोन घ्या भाऊ," खंडेराव म्हणाले.

"त्याच्यावर नाही येणार, काका." आल्हादने मान हलवली. "माझ्याच नंबरवर येतं ते."

"मंग उलटं जा. मी सांगतो पोलिसाला. लय गर्दी हाय, पण गुरुजीचा पोरगा म्हनल्यावर सोडतील." ते उठलेसुद्धा.

दोघं पायऱ्यांकडे वळले. वरून माणसांचा लोंढा खाली येत होता. खंडेराव हाताने वाट काढत पुढे, आल्हाद मागे. एकदोन पायऱ्या चढल्यावर वरची गर्दी एके ठिकाणी फाकलेली दिसली, जणू मध्ये काहीतरी आहे आणि लोक त्याला वळसा घालून उतरतायत. आल्हादने मान उंच केली.

इंदिराबाई पायऱ्यांवर बसल्या होत्या. सोवळ्याची नऊवारी चिखलाने भरलेली. त्या एका पायरीवर बसायच्या, दोन्ही हातांनी कड धरायच्या, पाय खाली सोडायच्या आणि खालच्या पायरीवर सरकायच्या. पुन्हा तेच. फोन त्यांनी पदराच्या टोकात बांधून छातीशी धरला होता. कुणीतरी हात देऊ केला तर त्या नको म्हणत होत्या, कारण हात दिला की उभं राहावं लागलं असतं आणि उभं राहून उतरणं त्यांना जमणार नव्हतं.

आल्हाद तिथपर्यंत कसा पोचला ते त्याला कळलं नाही.

"तू गेलास आणि फोन वाजला," त्या धापा टाकत म्हणाल्या. "ती मुलगी म्हणाली, सरांना सांगा, फोन जवळ ठेवा, आकडा येईल. बघितलं तर फोन घरात." त्यांनी गाठ सोडायचा प्रयत्न केला. सुटेना. ती त्याने सोडली. "आधी ते कर. माझं नंतर बघ."

त्याने तिथेच, तिच्या शेजारी पायरीवर बसून केलं. दोन वेळा नेटवर्क गेलं. एकदा आकडा उशिरा आला आणि मुदत संपली. खंडेराव पाठ करून उभे राहिले, लोकांचा धक्का लागू नये म्हणून. बोटं ओली, पडदा दाद देईना. इंदिराबाईंनी पदराने फोन पुसून दिला. पाच वाजून एकेचाळीस मिनिटांनी विमा कंपनीचा संदेश आला. नोंद झाली, हप्ता मिळाला, पॉलिसी चालू. आल्हादने तो तीनदा वाचला, मग मोठ्याने वाचून दाखवला.

"झालं?" त्या म्हणाल्या.

"झालं."

बाळाजीगुरुजी एव्हाना ओट्यावरून उठून आले होते. बायकोचं सोवळं पाहिलं, हातांना लागलेला चिखल पाहिला. घरात पानं वाढायची राहिली होती आणि जिने ती वाढायची ती अशी रस्त्यात बसलेली. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. ते एवढंच म्हणाले, "चार पायऱ्या राहिल्यात, इंदिरा. आलीच आहेस तर आंघोळ करून घे. पितर थांबतील थोडे."

आल्हादने तिला उचललं. ती हलकी झाली होती, हे त्याला इतक्या दिवसांत माहीत नव्हतं. शेवटच्या चार पायऱ्या तो तिला घेऊन उतरला आणि पाण्याच्या कडेला तिला बसवलं. तिने पाय पाण्यात सोडले आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

"तीन वर्षांनी आले रे गंगेवर," ती म्हणाली. "तेसुद्धा तुझा फोन द्यायला."

त्याच्या हातात ते निळं कार्ड अजून तसंच होतं. ठेवायला खिसा नव्हता म्हणून त्याने ते वडिलांच्या हातात दिलं, आणि बाळाजीगुरुजींनी ते निफाडच्या चोपडीत ठेवलं. मग आल्हाद आईच्या पायावरचा चिखल धुवायला खाली बसला.